पाखाडी, एसटी आणि फेरीबोट: कोकणात व्हीलचेअरने फिरायचं तर

कोकणात व्हीलचेअर अडते ती अंतरामुळे नव्हे, उंचीमुळे. गुहागर, राजापूर, देवगड, कुठल्याही वाडीत बघा. घर रस्त्याच्या वर असतं नाहीतर खाली, मधे जांभ्या चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट, म्हणजे पाखाडी, आणि ती पार करून रस्त्यावर आलं की एसटीची गुडघ्याएवढी पहिली पायरी. तालुक्याचा दवाखाना लांब आहे ही नंतरची गोष्ट. आधी घरापासून डांबरापर्यंत पोचायचं असतं, आणि बहुतेकांचा प्रवास तिथेच संपतो.

म्हणून खुर्ची, तीनचाकी किंवा स्कूटर घेण्याआधी टेप घेऊन ही वाट मोजा. पायऱ्या किती, प्रत्येकीची उंची किती, सगळ्यांत अरुंद जागा कुठे, खळ्याच्या (अंगणाच्या) गडग्यातलं बेडं, म्हणजे दगडी कुंपणातली ये-जा करायची जागा, किती रुंद. १८ इंची आसनाची घडीची खुर्ची बाहेरून साधारण ६५ सेंमी भरते. रिम फिरवणारे हात दोन्ही बाजूंना सुटे राहायला हवेत, त्यामुळे ८० सेंमीपेक्षा कमी जागेत बोटं चिऱ्याला घासणारच. दरवाजे आणि बेडं ९० सेंमीचं करता आलं तर उत्तम.

उताराचं गणित १:१२, म्हणजे जेवढी उंची त्याच्या बारा पट लांबी. चिऱ्याची एक पायरी १८ सेंमी धरली तर तिला २ मीटर १६ सेंमीचा उतार लागतो. ओटीला तीन पायऱ्या असल्या तर साडेसहा मीटर. खळं ऐसपैस असेल तर हे बसतं, वाटल्यास मधे दीड मीटरचा सपाट टप्पा देऊन काटकोनात वळवा. उताराची रुंदी १२० सेंमी, दोन्ही कडांना ७-८ सेंमीची उभी पट्टी, आणि सिमेंट ओलं असताना खराट्याने आडव्या रेघा. एक गोष्ट हटकून विसरली जाते: पागोळ्या. कौलांचं पाणी थेट उतारावर पडत असेल तर पहिल्या पावसातच तिथे शेवाळ धरतं आणि रेघांचा काही उपयोग राहत नाही. उतार पागोळ्यांच्या बाहेर घ्या, नाहीतर वर पन्हळ लावा.

पाखाडीला मात्र हे गणित लागू करता येत नाही. वीस पायऱ्यांना ४३ मीटर उतार हवा, आणि तेवढी जागा कुणाकडेच नसते. मग लोक करतात काय, तर पाखाडीच्या अर्ध्या भागावर सिमेंट ओतून मोटारसायकल चढवायची पट्टी करतात आणि तिलाच रॅम्प म्हणतात. ही पट्टी १:३ च्या आसपास असते. एवढ्या चढावर खुर्ची मागे उलटते. उतरताना ब्रेक लावला तर चाकं थांबतात, टायर मात्र ओल्या सिमेंटवरून घसरत राहतात. ढकलणारा कितीही दणकट असला तरी अशा पट्टीवर माणूस बसलेली खुर्ची नेऊ नका.

त्यापेक्षा आधी मागीलदाराकडून वाट निघते का पाहा. डोंगरउताराला समांतर जाणारी, बागेत आंब्याच्या पेट्या न्यायची वाट बऱ्याच ठिकाणी असते. ती लांब पडते पण चढ सौम्य असतो. शेजाऱ्याच्या जमिनीतून जात असेल तर संमती लेखी घ्या, म्हणजे पुढच्या पिढीत वाद निघत नाही. वाट नसेलच, तर पाखाडी सुधारायची: सगळ्या पायऱ्या एका उंचीच्या, दर सात-आठ पायऱ्यांनंतर दीड मीटरचा टप्पा, आणि रेलिंग. रेलिंगचा फायदा कुबड्या वापरणाऱ्याला, लकवा झालेल्याला, दिसत नसलेल्याला आणि गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही होतो, त्यामुळे वाडीत त्याला विरोध होत नाही.

रेलिंगला सव्वा इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप घ्या. त्याचा बाहेरचा व्यास ४२ मिमी येतो आणि मूठ पूर्ण बसते. अडीच-तीन इंची पाइप भक्कम दिसतो, पण घसरणाऱ्या माणसाच्या हातात तो धरला जात नाही. वरचा पाइप ९० सेंमीवर, दुसरा ७५ सेंमीच्या आसपास, भिंतीपासून ५ सेंमी सुटा, आणि पहिल्या व शेवटच्या पायरीच्या ३० सेंमी पुढे नेलेला. खांब दर दीड मीटरला. चिऱ्यात फास्टनर ठोकून खांब बसवू नका. जांभा सच्छिद्र आणि मऊ, दोन पावसाळ्यांत फास्टनर ढिला होतो. खड्डा घेऊन खांब ४५ सेंमी काँक्रीटमध्ये गाडा आणि काँक्रीटचा माथा जमिनीच्या ५ सेंमी वर, बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा, कारण खांब नेहमी बुडाशीच गंजतो. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून गेलेलं असतं, तिथे झिंकचा रंग दोन हात द्यायलाच हवा. खारा वारा आधी तिथेच शिरतो.

खर्चासाठी ग्रामपंचायतीकडे जा. स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणं ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे. हा पैसा बहुतेकदा वस्तूवाटपात संपतो. पाखाडीची २३ नंबरला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, नोंद असेल तर मोजमापं आणि अंदाजपत्रक जोडून ग्रामसभेत लेखी अर्ज द्या, आणि ठरावाची प्रत मागून घ्या.

तोवर माणूस उचलून न्यावाच लागतो, तर तो नीट न्या. चढताना खुर्चीची पाठ पायऱ्यांकडे, बसलेल्याचं तोंड उताराकडे, पट्टा बांधलेला. ताकदवान माणूस मागच्या मुठी धरून वरच्या पायरीवर उभा राहतो, खुर्ची मागे कलवतो आणि मोठी चाकं पायरीच्या कडेला टेकवून एकेक पायरी ओढतो. दुसरा खालून ढकलतो. त्याने धरायचं ते मुख्य फ्रेमच्या उभ्या पाइपला. पाय ठेवायची पट्टी आणि हात ठेवायचा कठडा यांना कधीच धरायचं नाही, ते उचकटून हातात येतात आणि खुर्ची सुटते. मागच्या रबरी मुठी आधी ओढून बघा, जुन्या खुर्चीच्या मुठी घामाने आणि पावसाने निसटतात. उतरतानाही हीच रचना, फक्त खुर्ची पुढे चालते. दर टप्प्यावर थांबायचं, आणि कधी उचलायचं हे बसलेल्या माणसाने सांगायचं.

खुर्चीबद्दल थोडं सविस्तर. शिबिरात मिळते ती बहुतेक दवाखान्याच्या फरशीवर चालणारी: भरीव टायर, पुढे अरुंद छोटी चाकं. मुरमाच्या वाटेवर पुढची चाकं रुततात आणि माणूस पुढे फेकला जातो. हवेचे २४ इंची मागचे टायर आणि पुढे निदान ८ इंची रुंद चाकं असलेली खुर्ची निवडा. खडबडीत जागी पुढची चाकं उचलून, मागच्या दोन चाकांवर ढकलायची सवय सोबत्याने करून घ्यावी.

खाऱ्या हवेत खुर्ची सर्वांत आधी चाकांच्या तारांच्या (स्पोकच्या) निपलपाशी, मग घडीच्या कात्रीच्या खिळ्यापाशी, मग ब्रेकच्या स्प्रिंगपाशी गंजते. आठवड्याला गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडी करा, आणि या तीन जागी मशीन ऑइलचा थेंब द्या. घरात खोबरेल हाताशी असतं म्हणून तेच घातलं जातं. ते थंडीत गोठतं आणि धूळ धरून चिकट होतं, मग घडीच मिटत नाही. पुढच्या चाकांत बऱ्याचदा ६०८ नंबरची बेअरिंग असतात. रबरी सील असलेली घ्या. ती हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, आणि चाक हाताने फिरवल्यावर खरखर आली की तेल न घालता सरळ बदलायची. समुद्राच्या वाळूत खुर्ची गेली असेल तर त्याच दिवशी धुवा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

रिक्षात बसायला सरकफळी लागते. १८ मिमी मरीन प्लाय, ७५ सेंमी लांब, २५ सेंमी रुंद, दोन्ही टोकं उतरती घासलेली, वर पॉलिश आणि खाली रबराची पट्टी. सुताराचं एका दिवसाचं काम. खुर्ची रिक्षाला तिरपी, साधारण ३० अंशांत लावायची, ब्रेक लावायचे, रिक्षाकडचा हातकठडा काढायचा, फळीचं एक टोक मांडीखाली तर दुसरं सीटवर निदान १५ सेंमी आत. मग ढुंगण थोडं थोडं उचलत सरकायचं. फरफटत नेलं तर कातडी सोलवटते, आणि ज्यांना कमरेखाली संवेदना नाही त्यांना ते कळतही नाही. पुढे त्याचीच जखम होते. हातकठडा न निघणारी खुर्ची या कामाला निरुपयोगी, म्हणून घेतानाच हे तपासा.

एसटीत ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, पण सवलत पायरी कमी करत नाही. थोडंफार चालू शकणाऱ्यांसाठी २० सेंमी उंच, रबरी बुटांचा रुंद ॲल्युमिनियमचा स्टूल सोबत ठेवावा, त्याने पहिली पायरी जवळजवळ अर्ध्यावर येते. वाटेतल्या थांब्यापेक्षा जिथून गाडी सुटते त्या स्थानकात बसा. गाडी थोडा वेळ उभी असते आणि वाहक मोकळा असतो.

कोकण रेल्वेची अडचण वेगळी. डब्याची फरशी रुळापासून सव्वा मीटरच्या वर, उंच फलाट ७६ ते ८४ सेंमी. म्हणजे चांगल्या फलाटावरूनही जवळजवळ अर्धा मीटर चढायचं, आणि बुटक्या फलाटाच्या स्टेशनात तर माणूस उचलावाच लागतो. त्यात दिव्यांगांचा रुंद दाराचा डबा सहसा गाडीच्या अगदी टोकाला लागतो, जिथे छप्पर नसतं आणि लहान स्टेशनात कधी फलाटही संपलेला असतो. बराचसा मार्ग एकेरी आहे, क्रॉसिंगप्रमाणे फलाट बदलू शकतो. त्यामुळे चढायला जवळच्या लहान स्टेशनापेक्षा चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ अशी मोठी स्टेशनं बरी. तास आधी पोचून स्टेशन मास्तरांना भेटा, डबा कुठे लागेल आणि गाडी कुठल्या फलाटावर घेणार ते विचारा. उतरायच्या स्टेशनाला निरोप द्यायला त्यांनाच सांगा.

स्कूटरला बाजूची चाकं लावणाऱ्यांनी एवढं बघा: ती चाकं स्प्रिंगवर आहेत की ताठ पट्टीवर. ताठ असली की खड्ड्याच्या दोन कडांवर बाजूची चाकं टेकतात, मधलं चाक अधांतरी फिरतं आणि ओल्या घाटात गाडी जागेवरच राहते. मधल्या चाकात हवा कायम पूर्ण ठेवा. वळणावर ही गाडी झुकत नाही, त्यामुळे वेग वळणाच्या आधीच उतरवायचा. बदलाची नोंद आरसी बुकात करून घ्या, नाहीतर अपघातानंतर विम्याला अडचण येते.

आता खाडी. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडले, आगरदांडा-दिघी या फेरीबोटींवर गाड्या थेट चढतात, म्हणून खुर्चीसाठी हा कोकणातला सर्वांत सोपा प्रवास ठरू शकतो. रिक्षात किंवा मोटारीत बसूनच बोटीवर जा, उतरू नका. खुर्चीनेच जायचं तर जेटीचा उतार पाठीमागून उतरा आणि बोटीच्या उतरत्या फळीच्या ओठावरून मोठी चाकं आधी न्या. बोटीवर खुर्ची बोटीच्या लांबीला आडवी लावा, म्हणजे बोट टेकताना बसणारा धक्का चाकांना फिरवत नाही.

वेळ मात्र पाण्याची बघायची. ओहोटीला उतार लांब होतो आणि खालचा भाग शेवाळाने गुळगुळीत असतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दक्षिणेकडे ती थोडी आधी येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, दुपारी बाराच्या आसपास पाणी भरतं आणि संध्याकाळी पाच-सहाला सर्वांत खाली जातं, म्हणजे नेमकं परतीच्या वेळी. अष्टमीच्या भांगाला पाण्यातला फरक सर्वांत कमी, जेटीचा उतार दिवसभर फारसा बदलत नाही. दापोलीहून गुहागरला कामाला जाऊन त्याच दिवशी परतायचं असेल, तर तारीख अष्टमीच्या आसपासची मागून घ्या.