जुनी झेन, नोंद तिसरी: गळतंय की जळतंय?

मागच्या नोंदीत ब्रेकचं काम संपवताना मी मोठ्या थाटात लिहिलं होतं, "आता फक्त जरासं तेल पाझरतंय, एका रविवारात उरकतो." त्याला पाच रविवार झाले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गाडी १९९८ ची कार्बोरेटरवाली मारुती झेन, ९९३ सीसी, चार सिलिंडर, नंबर एमएच १०. सांगलीत विश्रामबागेतून घेतली. सांगलीची गाडी म्हटल्यावर इथे साताऱ्यात ज्याने त्याने एकच विचारलं, "पुरात होती का?" २०१९ चा ऑगस्ट कोणी विसरलेलं नाही. म्हणून घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितले, स्टेपनीच्या खड्ड्यातलं कापड उचललं, सीटखालचे स्क्रू गंजलेत का ते पाहिलं. गाळाची रेघ कुठेच नव्हती. पाण्याची एवढी चौकशी केली आणि तेलाचं विचारायचंच राहिलं. इंजिन चकचकीत धुतलेलं होतं, मी त्यावरच खूष. पंचवीस वर्षं पळालेलं इंजिन लख्ख दिसत असेल तर ते काल का धुतलं हे विचारायला हवं होतं.

गाडी आणून आठवडा झाला नाही तोच खालच्या काकूंची हाक आली. "अरे, तुझ्या गाडीनं माझ्या फरशीवर रांगोळी काढलीय बघ." पार्किंगमधली ती फरशी काकूंनी दिवाळीआधी बसवून घेतलेली. त्या दिवसापासून गाडीखाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आला. पुढच्या चाकांच्या जागा खडूने आखून घेतल्या, म्हणजे गाडी रोज त्याच ठिकाणी उभी राहील आणि डाग इंजिनाच्या कुठल्या भागाखाली पडतोय ते कळेल. डाग पडत होता डाव्या बाजूला, जिथे इंजिनाला गिअरबॉक्स जोडलेला असतो त्या सांध्याखाली.

पहिला संशय अर्थातच गिअर ऑइलचा. पुठ्ठ्यावरचा थेंब बोटाने उचलून वास घेतला. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. इथे तसलं काही नव्हतं. काळं, पातळ, सरळसरळ इंजिन ऑइल.

मग गाडी एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनी खाली वाकून टॉर्च मारला आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला. "दादा, मागचा क्रँक सील गेलाय. गिअरबॉक्स उतरवाय लागंल. उतरवलाच हाय तर क्लचप्लेट पण टाकून घ्या." खर्च सांगितला साडेसहा हजार, क्लचप्लेटचे पैसे वेगळे. माणूस फसवत होता असं मी म्हणणार नाही. खालून बघितलं तर कोणीही हेच म्हणेल, कारण क्रँकचा, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याचा, मागचा सील गेला की तेल नेमकं त्याच सांध्यातून, त्याच तळातून टपकतं. पण क्लच अजिबात घसरत नव्हता. तेल आतून क्लच हाउसिंगमध्ये उतरत असेल तर प्लेटला कधी ना कधी लागणारच. ही शंका मनात ठेवून गाडी घरी आणली.

त्या रात्री हिशोब मांडला. एका रात्रीत पुठ्ठ्यावर पंधराएक थेंब पडायचे. वीस थेंबांचा साधारण एक मिली धरला तर महिनाभराचे होतात बावीस-तेवीस मिली, म्हणजे चहाचा अर्धा कटिंगही नाही. आणि डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) सांगत होती की आठशे किलोमीटरमध्ये जवळजवळ अर्धा लिटर तेल कमी झालंय. मग बाकीचं जातंय कुठे? एक तर गाडी चालू असताना रस्त्यावर सांडतंय, नाहीतर इंजिनात जळतंय. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी पहिला स्टार्टर मारला की मागून निळसर धुराचा एक झोत यायचा आणि लगेच विरायचा. व्हॉल्व्ह सील, म्हणजे वरचं तेल सिलिंडरमध्ये उतरू न देणारी रबरं, कडक झाल्याची ही खूण. म्हणजे गळतंयही आणि जळतंयही. धुराचं नंतर बघू म्हटलं, काकूंची फरशी आधी.

इथे माझी पहिली चूक. नीट शोध न घेता टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग बदलायला घेतलं, कारण ते सोपं, स्वस्त आणि डोळ्यांसमोर. कव्हर उघडलं तर आधीच्या कोणीतरी रबरी पॅकिंगवर करड्या सिलिकॉनचा जाड थर थापलेला. आतल्या कडेला त्याच्या शेवया लोंबत होत्या. अशी एखादी शेवई तुटून चेंबरमध्ये (तळाशी तेल साठतं तिथे) गेली आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकली की इंजिनाला तेल मिळणं बंद होतं. गळती परवडली, पण हे नाही. सगळं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढलं (धातूची पट्टी नको, कव्हरखालचा इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचं आहे), नवं पॅकिंग कोरडंच बसवलं आणि बोल्ट तिरके-समोरासमोर, थोडे थोडे, नुसत्या मनगटाच्या जोराने आवळले. अख्खा रविवार गेला. सोमवारी सकाळी पुठ्ठ्यावर मोजले: चौदा थेंब. एक थेंब कमी केल्याबद्दल स्वतःचं कौतुक करून ऑफिसला गेलो.

दुसऱ्या रविवारी जे आधी करायचं ते केलं. इंजिन धुतलं. डेल्को (प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) आणि अल्टरनेटरवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, डिझेलमध्ये बुडवलेल्या रंगाच्या ब्रशने वरून खालपर्यंत घासलं, मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग दोन तास ऊन. पूर्ण वाळल्यावर घामोळ्याच्या पावडरचा डबा दाबत इंजिनाच्या डाव्या बाजूला फुस्स-फुस्स फवारणी केली. आई गच्चीतून बघत होती. म्हणाली, "गाडीला घामोळं आलंय व्हय?"

पावडरची ही युक्ती जुनीच आहे, पण तिच्याइतकं स्वस्त काही नाही. कोरड्या पांढऱ्या थरावर तेलाचा कण जरी आला तरी ओली रेघ उठून दिसते. अतिनील टॉर्च आणि तेलात टाकायचा रंगही मिळतो. पण तेल काळं झालेलं असलं की तो रंग नीट चमकत नाही, आणि माझं तेल बदलायला अजून अवकाश होता.

गाडी सुरू केली, पंखा एकदा फिरून बंद होईपर्यंत उभी केली, मग समर्थ मंदिराकडून यवतेश्वरच्या घाटाची पहिली दोन वळणं चढून परत आलो. बॉनेट उघडलं. दाढीचा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन खालून नव्हे, वरून बघायला सुरुवात केली.

टॅपेट कव्हरच्या कडेला पावडर कोरडी. ऑइल प्रेशर स्विचजवळ कोरडी. आणि डेल्कोच्या बुडाशी, जिथे तो हेडच्या टोकात बसतो, तिथे खालच्या बाजूला करड्या रंगाची चंद्रकोर. तिथून एक रेघ निघून सरळ क्लच हाउसिंगच्या माथ्यावर. माथ्यावरच्या खोबणीत तेलाचं डबकं. ते भरलं की इंजिन आणि हाउसिंगच्या सांध्याला धरून खाली, आणि तळाला टप. स्लॅब गळतो तेव्हा डाग दिवाणखान्यात असतो आणि भेग गच्चीच्या भलत्याच कोपऱ्यात, तसंच.

या इंजिनात डेल्को कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकालाच जोडलेला असतो, कॅम त्याला थेट फिरवते. हेडमधलं तेल बाहेर येऊ नये म्हणून डेल्कोच्या दांड्यावर एक ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, असते. आतल्या शाफ्टलाही वेगळा सील असतो. तो गेला तर तेल डेल्कोच्या पोटात शिरतं आणि करंट बोंबलतो. म्हणून आधी कॅप काढून बघितली. आत कोरडं ठणठणीत. दोष फक्त बाहेरच्या ओ-रिंगमध्ये.

काढायच्या आधी डेल्कोच्या कानावर आणि हेडवर मिळून व्हाइटनरची एक सलग रेघ मारली. कानातली भोकं लांबट असतात, डेल्को थोडा जरी फिरला तरी टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, हलतं. प्लगच्या वायरींना मास्किंग टेप लावून पेनाने नंबर टाकले. बाराच्या पान्याने बोल्ट सोडले, व्हॅक्यूमची नळी काढली, खाली फडकं धरलं. डेल्को जागचा हलेना. ओढायचं नाही, डावी-उजवीकडे हळूहळू पिळत बाहेर घ्यायचं. आला तेव्हा मागोमाग चमचाभर तेल फडक्यात सांडलं.

ओ-रिंग बघून हसू आलं. गोल राहिलीच नव्हती, बाहेरची बाजू सपाट झालेली, वर चकाकी. नखाने उचकटायला गेलो तर चकलीसारखी मोडली. तीन तुकडे. रबर कसलं, काचेची बांगडीच.

आता नवी कुठून आणायची? पार्टच्या दुकानात उत्तर मिळालं, "अख्खा डेल्को देतो, रिंग सुटी येत नाय." दुसरीकडे चौकोनी खोक्यातून एक शोधून दिली, ती खाचेत सैल बसली. शेवटी एमआयडीसीच्या बाजूला जेसीबी आणि ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक नळ्या बनवणाऱ्यांकडे गेलो, डेल्को स्टीलच्या डब्यात घालून. त्यांनी जुने तुकडे बाजूला सारले. "ह्यो दबून मेलाय, ह्याचं माप घिऊ नका. खाच मोजा." व्हर्नियरने खाचेचा व्यास घेतला, मग हेडमधल्या भोकाचा, आणि दोन्हींच्या फरकावरून रिंगची जाडी ठरवली. स्थिर सांध्यात ओ-रिंग वीस टक्क्यांच्या आसपास दबली पाहिजे. म्हणजे ३ मिमी जाडीची रिंग बसल्यावर अर्धा ते पाऊण मिमी दबावी. त्याहून कमी दबली तर पाझरते, फार दबली तर बसवतानाच कापते.

पुढचा प्रश्न त्यांनीच विचारला, "गरम किती होतं?" साधी नायट्राइलची काळी रिंग शंभर-एकशेवीस अंशांपर्यंत तग धरते, पण हेडच्या टोकाला सतत तापत राहिली की काही वर्षांत कडक होते. व्हायटॉन नावाचं रबर दोनशेपर्यंत सहज. तपकिरी व्हायटॉनची घेतली, चाळीस रुपये. शिवाय एक जादा, कारण मी स्वतःला ओळखतो.

बसवण्यात काही विशेष नाही. खाच कार्ब क्लीनरने साफ केली, रिंगला तेलाचं बोट लावलं, डेल्को पिळत आत सरकवला. टोकाची चावी मध्यापासून जरा बाजूला असते, त्यामुळे ती एकाच बाजूने बसते, उलटं बसायची भीती नाही. व्हाइटनरची रेघ जुळवली, बोल्ट आवळले.

स्टार्टर मारला. गाडी थरथरली, कार्बोरेटरमधून फट् करून आवाज आला आणि बंद पडली. पुन्हा तेच. दहा मिनिटं टायमिंगला शिव्या घातल्या. मग लक्षात आलं की कार्ब क्लीनरने पुसताना टेपवरची पेनाची शाईसुद्धा पुसली गेली होती, आणि मी तीन आणि चारच्या वायरी अंदाजाने लावल्या होत्या. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ म्हणत, कॅपवर बोट फिरवत पुन्हा लावल्या. दुसऱ्या स्टार्टरला सुरू.

त्याच बैठकीत पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर काढणारी झडप) काढून कानाशी हलवला. आतली गोळी खडखड वाजायला हवी, ती गप्प होती, काजळीने चिकटलेली. हा बंद असला की इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर जायला वाट शोधतो आणि जो सील सर्वांत कमजोर तिथून तेल ढकलतो. ओ-रिंग म्हातारी होतीच, पण तिला धक्के मारणारा हाच असणार असं मला वाटतं. धुतला, वाजायला लागला. तेल भरायचं झाकण काढून तोंडावर प्लास्टिकची पिशवी धरली, तर इंजिन चालू असताना ती किंचित आत ओढली गेली. फुगली असती तर काळजी होती.

चौथ्या रविवारी खरी परीक्षा, कास तलावापर्यंत जाऊन येऊन पन्नासएक किलोमीटर. घाटात मुद्दाम तिसऱ्या गिअरमध्ये ओढली. खटखट नाही, म्हणजे टायमिंग जागेवर. परत येऊन पुठ्ठा बदलला. सकाळी दोन थेंब! तोंडचं पाणी पळालं. पण आरशाने बघितलं तर डेल्कोखालची पावडर कोरडी, आणि हाउसिंगच्या खोबणीत जुन्या डबक्याचा गाळ अजून शिल्लक. कापडाची वात करून तो टिपून काढला. तेव्हापासून अकरा सकाळी पुठ्ठा कोरडा आहे.

डिपस्टिक मात्र अजून उतरते, आता सहाशे किलोमीटरला बोटाच्या पेराएवढी. सकाळचा निळा झोतही आहे. व्हॉल्व्ह सीलसाठी हेड उतरवायचं नाही, प्लगच्या भोकातून सुतळी आत सोडायची, क्रँक हाताने फिरवून पिस्टन वर आणायचा, म्हणजे व्हॉल्व्ह खाली पडत नाहीत, असा विचार आहे. या इंजिनावर रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात तो दांडा) न काढता हे कोणी केलं असेल तर कळवा. टॅपेट कव्हर पुन्हा उघडायचंय. पॅकिंग नवंच आहे, तेच परत वापरणार. काकूंची फरशी धुण्याच्या सोड्याने दोनदा घासून दिली, डाग गेला, फक्त तेवढीच फरशी आता बाकीच्यांपेक्षा पांढरी दिसते.