डबीसाठी सॉकेट

काकूंचा फोन आला तेव्हा मी कर्वेनगरला एका क्लासमध्ये एसीचा पॉइंट काढत होतो. "अरे, मेन स्विचशेजारी एक सॉकेट काढून दे आजच्या आज. चारला माणूस यायचाय." कसलं सॉकेट विचारलं, तर म्हणाल्या, "विजेची कंपनी बदलतेय मी."

मोबाईलची कंपनी बदलतात हे माहीत होतं. कोथरूडमध्ये विजेची कंपनी बदललेला माणूस मला अजून भेटायचा होता. क्लासवाल्याला तासाभरात येतो म्हणून सांगितलं आणि निघालो. वायरमनचा तास केवढा असतो ते त्यालाही ठाऊक होतं, त्यामुळे तो काही बोलला नाही.

काकू गणिताच्या निवृत्त शिक्षिका. तीन मजली जुन्या बिल्डिंगमध्ये, लिफ्ट नाही अशा ठिकाणी, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. विजेची बिलं वर्षवार फाईलला लावलेली. माझ्या बिलात टेपचा रोल दोनदा धरला गेला तर पेन्सिलीने गोल करून परत देतात. अशा बाईंना कुणी गंडवेल यावर माझा विश्वास बसला नसता.

झालं होतं असं. आदल्या दिवशी दोन पोरं आली. गळ्यात पट्टे, हातात फाईल, फाईलवर एका मोठ्या खासगी वीज कंपनीचं चिन्ह. खाली वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नोंद आहे: नाव 'लाईटवाले', काम 'लाईट'. कमिटीने या रजिस्टरवर दोन मीटिंगा घालवल्यात. पोरांनी सांगितलं की पुण्यातही आता मुंबईसारखं कंपनी निवडता येतं, युनिटमागे अडीच रुपये वाचतील, महावितरणकडची सुरक्षा ठेव परत मिळेल. त्यासाठी फॉर्म, बिलाचा फोटो, आधारची झेरॉक्स, आणि घरात एक यंत्र बसवायचं. यंत्राचे साडेतीन हजार, त्यातले दोन हजार आगाऊ. काकूंनी पत्र मागितलं, त्यांनी पत्र दाखवलं. काकूंनी दोन हजार पाठवले. पैसे कंपनीच्या नव्हे, कुणा माणसाच्या नावावर गेलेत हे त्यांच्या लक्षात आलं होतं. विचारलं तर "टीम लीडरचं खातं आहे" असं उत्तर आलं.

यातली पंचाईत अशी की थापेत निम्मं खरं होतं. मुंबईच्या उपनगरांत टाटा आणि अदानी या दोघांकडे एकाच भागाचा परवाना आहे, त्यामुळे तिथला ग्राहक खरंच इकडून तिकडे जाऊ शकतो. समांतर परवान्यासाठी खासगी कंपन्यांनी अर्ज केल्याच्या बातम्याही पेपरात येऊन गेल्यात. पोरांच्या फाईलमध्ये ते कात्रण होतं. पण ३ किलोवॉट मंजूर भाराच्या काकूंना आज महावितरण सोडून जायला जागाच नाही. २००३ च्या वीज कायद्यातला ओपन अॅक्सेस, म्हणजे हव्या त्या कंपनीकडून वीज घ्यायची मुभा, मुळात १ मेगावॉटच्या वरच्या गिऱ्हाइकांसाठी, म्हणजे कारखान्यांसाठी. हे मी सांगितलं तर काकू म्हणाल्या, "पण यंत्राचा डेमो मी डोळ्यांनी पाहिलाय. आकडे लिहून ठेवलेत." वहीत खरंच अँपिअर लिहिले होते: ०.९०, आणि खाली ०.६७. मध्ये बाण.

तो डेमो खोटा नव्हता. माझं डोकं तिथंच फिरतं.

काकूंकडे अजून तांब्याच्या चोकच्या जुन्या ट्यूबलाईट आहेत. चोक म्हणजे गुंडाळी. ती जेवढा करंट ओढते तेवढा सगळा काम करत नाही, बराचसा नुसता ये-जा करतो. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटातला कामाचा वाटा, निम्म्यावर असतो. पोरं यंत्र म्हणून देतात त्या डबीत एक कपॅसिटर असतो, तो हा ये-जा करणारा करंट जागच्या जागी पुरवतो. त्यामुळे मेनमधून येणारे अँपिअर खरोखरच उतरतात, अँपिअर मोजणाऱ्या मीटरचा काटा दाखवतो, फसवायला जागाच नाही. फक्त घरगुती मीटर अँपिअर मोजत नाही, युनिट मोजतो. त्या ये-जा करणाऱ्या करंटचे पैसे काकू आधीही भरत नव्हत्या. वाचलं ते काय? कारखान्यात कपॅसिटर बँक लावतात, कारण तिथं बिलिंगच वेगळं असतं. घरात लावणं म्हणजे न घेतलेल्या कर्जाचं व्याज वाचवणं.

ही डबी मी पूर्वी उघडून पाहिली आहे. आत बोटाच्या पेराएवढा पिवळा कपॅसिटर, चार डायोड, हिरवा एलईडी, आणि हाताला वजनदार लागावी म्हणून तळाला ओतलेला सिमेंटसारखा काळा गोळा. त्या गोळ्याचा मला जास्त राग येतो.

चारला माणूस येईल असं मला वाटलं नव्हतं. आला. चार वाजून पाच मिनिटांनी, कालच्या दोघांतला एकटाच, पाठीवर सॅक, विशीच्या आतबाहेरचा. "नमस्कार आजी," म्हणून चप्पल दाराबाहेर नीट लावली. मला बघून जरासा थबकला, पण पळाला नाही. आयटीआय वायरमन ट्रेड झालाय म्हणाला. मी सरळ विचारलं, "डबीत काय आहे?"

"पॉवर सेव्हर आहे, सर."

"आत काय आहे?"

"कपॅसिटर."

"मग बिल कसं कमी होतं?"

"अँपिअर कमी होतात ना, सर."

म्हटलं चल, बघू. काकूंना सांगितलं, फ्रीजसकट सगळं बंद करा, हॉलमधल्या दोन ट्यूब आणि पंखा तेवढा चालू ठेवा. माझा क्लॅम्प मीटर, वायरला चिमटून अँपिअर मोजणारा, लावला: १.१६. डबी खोचली: ०.९६. पोराचा चेहरा खुलला. मग त्याला खाली जिन्याखालच्या मीटरपाशी पाठवलं. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, लोकांना वाटतं तो मीटर चालू असल्याची खूण आहे. ती खूण नाही, ती मोजणी आहे. काकूंच्या मीटरवर ३२०० इंपल्स छापलंय, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकलं की एक युनिट. फोन चालू ठेवून त्याला तीन मिनिटं मोजायला लावलं. डबी काढून: २८. डबी लावून: २८. त्याने आपणहून परत एकदा मोजायचं म्हटलं. २८.

काकू जिन्यात येऊन उभ्या होत्या. त्यांनी वही आणली होती, तिन्ही आकडे लिहिले, बाण काढला नाही.

पोरगा मीटरसमोर तसाच उभा. मग म्हणाला, "पण आम्हाला ट्रेनिंगमध्ये हेच शिकवतात." सकाळी स्वारगेटला जमतात, एरिया वाटून मिळतो, फॉर्ममागे कमिशन. पट्टा आणि सॅकचे पंधराशे रुपये त्याच्याकडूनच घेतलेले. टीम लीडरला त्याने आमच्यासमोर फोन लावला, स्पीकरवर. तिकडून फक्त "तू तिथून निघ" एवढंच आलं, आणि नंतर फोन बंद.

हे नाटक होतं का खरं, मला अजून ठरवता आलेलं नाही. आयटीआयवाल्याला पॉवर फॅक्टर माहीत असतो, असायला हवा. पण आमच्या ट्रेडमध्ये किती जणांना तो परीक्षेपुरता माहीत असतो तेही मला माहीत आहे. आणि चोर असता तर दोन हजार खिशात घालून उरलेल्या दीड हजारासाठी तो परत कशाला येईल?

तोवर खाली बिल्डिंग जमली. अध्यक्षांनी पोराची कॉलर धरली. वॉचमन, ज्याने काल त्याला 'लाईट' म्हणून वर सोडलं होतं, आज सगळ्यात पुढे. हात उचलायचेच बाकी होते. मी ११२ ला फोन केला, खरं सांगायचं तर त्याला वाचवायलाच. बीट मार्शल आले, नाव-पत्ता लिहून घेतला, फॉर्मची फाईल ठेवून घेतली, काकूंना तक्रार द्यायला या म्हणाले. दोन हजारांसाठी सायबर फसवणुकीच्या १९३० वरही फोन लावला. तक्रार क्रमांक मिळाला, पैसे यायचेत.

काकू मात्र माझ्यावरच नाराज. वर आल्यावर चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "त्याने काल पाऊण तास बसून माझं बिल समजावून सांगितलं. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, सोळा टक्के वीज शुल्क कशावर लागतं. इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं." त्यांना बोचत होतं ते दोन हजार नव्हतेच. बिल समजावणारा माणूस खोटा निघाला, हे बोचत होतं. मी म्हटलं, "काकू, मला पॉइंटचे पैसे मिळतात, बिल वाचायचे कोण देतं?" त्यावर त्यांनी चहात साखर कमी घातली.

बिलाचा कागदही असा, की तो समजावून सांगणारा कुणीही देवमाणूस वाटावा. त्या पोराने सांगितलेलं सगळं बरोबर होतं, मी फाईलमधलं बिल काढून ताडून पाहिलं. काकूंचं बिल खरंच कमी करायचं तर दोन्ही ट्यूब काढून २० वॉटच्या एलईडी पट्ट्या लावायच्या, बस. चोकसकट ५० च्या वर वॉट खाणारी ट्यूब जाते, आणि डबीला करायला कामच उरत नाही. हे मी पूर्वीही सांगितलंय. "चालतायत ना अजून?" हे उत्तर ठरलेलं. त्या दिवशी मात्र "लावून टाक" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी खरा धंदा उघडा पडला. ज्यांनी ज्यांनी फॉर्म भरले होते त्यांना फोन सुरू झाले. ग्राहक क्रमांकाचे बाराही आकडे बरोबर, नाव बरोबर, "तुमची सुरक्षा ठेव परत करायची आहे, व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं अॅप टाका." एका घरी जरा टाळाटाळ केली, तर "आज रात्री साडेनऊला लाईट कट होईल." (थकबाकी असली तरी आधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, कायद्यातच आहे. पण रात्र आणि साडेनऊ ऐकलं की कायदा कुणाला आठवतो?) म्हणजे डबी हे आमिषही नव्हतं नुसतं, ते दार उघडून घ्यायचं निमित्त होतं. विकायचा माल तो फॉर्म. आणि पोरगा म्हणजे तो गोळा करणारा हमाल, स्वतःच्या पंधराशेला बुडालेला. किंवा तसं दाखवणारा.

काकूंनी फोनवाल्याला विचारलं, "माझ्या मीटरचे इंपल्स किती?" त्याने फोन ठेवला. अध्यक्षांनी मात्र अॅप टाकलं. फॉर्म त्यांनीही भरला होता हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं, कॉलर धरतानाही नव्हतं. किती गेले ते ते सांगत नाहीत. बँकेत दोन चकरा झाल्या एवढं वॉचमनकडून कळलं.

परवा त्या पोराचा मेसेज आला. नंबर काकूंनी दिला म्हणे. "दादा, हेल्पर लागतो का?" माझा हेल्पर गणपतीला गावी गेला तो आलाच नाही, हेही काकूंनीच सांगितलं असणार. बायको म्हणते, लोकांच्या घरात न्यायचाय माणूस, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तिचं चूक नाही. पण डबी खोचायच्या आधी त्याने त्या सॉकेटला टेस्टर लावून पाहिला होता, न सांगता. माझ्या आधीच्या हेल्परला हे शिकवण्यात पावसाळा गेला.

सोमवारी एरंडवण्यात एका फ्लॅटचं पूर्ण रिवायरिंग सुरू होतंय, एकट्याने व्हायचं नाही. मेसेजला उत्तर अजून दिलेलं नाही.