फक्की मारली आणि मैदान सरकलं

मी महापालिकेत ज्युनिअर इंजिनिअर आहे. शहराचं नाव सांगत नाही कारण अजून त्याच वॉर्डात ड्यूटी आहे, पण त्या रविवारबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं, कारण ऑफिसात पक्का झालेला नकाशा लोकांनी जागेवर उभं राहून बदललेला मी नोकरीत तेव्हाच पहिल्यांदा बघितला.

विषय कबड्डीच्या मैदानाचा. डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, 'खेळाचे मैदान' असं आरक्षण असलेला साधारण एकरभराचा प्लॉट. पुढं रस्ता आणि रस्त्यापलीकडं जुनी वस्ती, एका बाजूला सोसायटी, मागं बंद पडलेल्या गोडाऊनची लांबलचक भिंत. मातीचं मैदान, लाइट, बसायला पायऱ्या आणि एक चेंजिंग रूम एवढंच काम. नकाशात मैदान टाकलं होतं मागच्या कोपऱ्यात, गोडाऊनच्या भिंतीला लागून, कारण सोसायटीचा सह्यांचा अर्ज आधीच येऊन पडला होता की आवाज नको, लाइट डोळ्यावर नको, होईल तेवढं लांब करा. वस्तीकडून अर्ज वगैरे काही नव्हता, आणि अर्ज नाही म्हणजे हरकत नाही असं ऑफिसात धरून चालतात.

नगरसेविका ताई मात्र अडून बसल्या, टेंडर निघायच्या आधी लोकांना जागेवर बोलवा म्हणाल्या. क्षेत्रसभेची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात २००९ पासून आहे पण ती भरलेली आमच्याकडं कुणी बघितलेली नाही, त्यामुळं 'जागा पाहणी' असं साधं पत्र काढून रविवारी सकाळी सगळ्यांना बोलावलं.

लोक चांगले जमले. मी गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांना दगड ठेवले आणि समजावायला लागले, पण खरं सांगते कुणाला काही कळत नव्हतं. सगळे मान हलवत होते आणि एक काका तर नकाशा उलट्या बाजूनं बघत होते, आणि त्यात त्यांची काय चूक, १:२०० चा नकाशा वाचायला आम्हाला कॉलेजात शिकवतात, लोकांना कोण शिकवतं? मग आमच्या मुकादमांनीच विचारलं, मॅडम, फक्कीची, म्हणजे रेषा मारायच्या पांढऱ्या पावडरीची, गोणी गाडीत आहे, आखूनच दाखवू का? टेप, दोरी, खुंट्या काढल्या आणि मागच्या कोपऱ्यात १३ बाय १० मीटरचं पुरुषांचं मैदान आखलं, मध्यरेषा, निदान रेषा, लॉबी, सगळं. रेषा पूर्ण होतायत तोवर पोरांनी चपला काढून दम घुमवायला सुरुवात पण केली.

आणि तिथंच सगळं बदललं. मुलींच्या टीममधली एक, असेल अकरावी-बारावीची, ती रेषेवर उभी राहून मागं वळून रस्त्याकडं बघत होती. म्हणाली, मॅडम, आमची प्रॅक्टिस सहा ते आठ, थंडीत सहाला अंधार पडतो, इथं आम्ही कुणाला दिसणारच नाही. तिची आई शेजारीच होती, ती सरळ म्हणाली, "इथं बांधलं तर माझी पोरगी उद्यापासनं बंद. त्या भिंतीआड रात्री काय चालतं ते तुमच्या हापिसात कुणाला म्हाईत हाय का?" मी तिथं जाऊन बघितलं तर भिंतीलगत बाटल्या, सिगारेटची पाकिटं, सगळा पसारा. मग एकामागोमाग एक बायका बोलायला लागल्या, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, लांब नको, जवळ करा, आमच्या दारातनं दिसलं पाहिजे.

सोसायटीतले एक आजोबा चिडले. त्यांचंही खोटं नव्हतं, बायको आजारी, बेडरूमची खिडकी नेमकी प्लॉटकडं. ते म्हणाले, मग मागच्या गल्लीत बागेचा प्लॉट पडलाय तिकडं न्या ना सगळं. त्यांना सांगितलं की ती जागा उद्यानासाठी आरक्षित आहे, तिथं मैदान करायचं तर एमआरटीपी म्हणजे नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागेल, जाहीर नोटीस, हरकतींसाठी एक महिना, सुनावणी, मग सरकारची मंजुरी, तोपर्यंत ही पोरं कॉलेज संपवून नोकरीला लागतील. पण याच प्लॉटच्या आत जागा सरकवायला यातलं काही लागत नाही.

मग रस्त्याच्या बाजूला दुसरं मैदान आखलं. वस्तीतल्या शाळेचे क्रीडाशिक्षक आले होते, त्यांनी लगेच थांबवलं, की असं पूर्व-पश्चिम आखलं तर संध्याकाळी एका बाजूच्या टीमच्या थेट डोळ्यात सूर्य येणार, लांबी दक्षिणोत्तर घ्या. फिरवलं तर एक कोपरा थेट कडुनिंबाच्या बुंध्यावर आला. झाड तोडायचं नाव कुणी काढलं नाही, मैदान आणखी थोडं वस्तीकडं सरकवलं, त्यानं सोसायटीपासूनचं अंतरही वाढलं. आजोबा स्वतः टेपचं दुसरं टोक धरून त्यांच्या कंपाउंडपर्यंत चालत गेले. त्यांना मी सांगितलं की रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५, पण त्यांना डेसिबलपेक्षा वेळ ठरवून हवी होती. पोरांनी साडेनऊ म्हटलं, आजोबांनी साडेआठ, शेवटी नऊला लाइट बंद, स्पीकर फक्त स्पर्धेच्या दिवशी आणि खांबावरच्या लाइटचं तोंड रस्त्याकडं असं ठरलं. ताईंनी ते वहीच्या पानावर लिहून घेतलं आणि दोन्हीकडच्या लोकांनी खाली सह्या केल्या.

ऑफिसात सोमवारी ऐकावं लागलंच, लोकांना विचारत बसलं तर एक काम पूर्ण होणार नाही वगैरे. मला ते अजिबात पटत नाही. टेंडर निघालं नव्हतं म्हणून फक्त नकाशा आणि एस्टिमेट बदललं, पैसे एक रुपया जास्त गेले नाहीत. मागं बांधून बसलो असतो तर कागदावर काम पूर्ण झालं असतं आणि मुलींची टीम मोडली असती, आणि ते कुठल्याच रिपोर्टमध्ये आलं नसतं, कारण न येणाऱ्या मुली मोजत कोण नाही.

तेव्हापासून माझ्या गाडीत फक्की कायम असते. उद्यानातला ओपन जिम असो की वाचनालयाची खोली, आधी जमिनीवर आखते, लोकांना त्यात उभं करते, मग फाइल हलवते.

मैदान आता सुरू आहे, माती चांगली बसलीय. चेंजिंग रूमचं दार मात्र अजून मागच्या बाजूला उघडतं, ते मुलींनी त्याच दिवशी सांगितलं होतं आणि सुधारित नकाशात घेतलंही होतं, पण ठेकेदारानं जुन्या नकाशाप्रमाणं बांधलं. ते पुढं काढून घ्यायचंय, बिल अडवून ठेवलंय.