टेबल खिडकीपाशी

शनिवार, रात्री

तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने पुढे गेली, रस्ता मोकळा झाला, तशी आज आईला घेऊन उरुळी कांचनला जाऊन आले. त्या पट्ट्यात नर्सरीला लागून नर्सरी. शेडनेटखाली पावसाने धुतलेली रोपं, ओल्या शेणखताचा वास, पायाखाली चिखल. आई जास्वंदीपाशी रेंगाळली आणि मी माझ्या कामाच्या टेबलासाठी झाडं बघत आत गेले.

नर्सरीवाल्या काकांना म्हटलं, "घरून काम करते, टेबलाजवळ ठेवायला काहीतरी द्या." त्यांनी भाव सांगितला नाही की झाड दाखवलं नाही. विचारलं, "टेबल कुठं हाय?"

"आतल्या भिंतीला."

"आन् खिडकी?"

"समोर, पूर्वेला. नऊ-दहा फूट असेल."

"मग दिवसा लाइट लावूनच बसत असाल, ताई. तुमाला ट्यूबवर भागतंय, झाडाला न्हाई भागायचं."

परत येताना गाडीत हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. २०२० च्या मार्चमध्ये एकाएकी घरून काम सुरू झालं तेव्हा टेबल तिथे गेलं, कारण प्लग तिथे होता, राउटर तिथे होता आणि व्हिडिओ कॉलला मागे कोरी भिंत दिसायची. आता आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम असतं, पण टेबल अजून तिथेच आहे. प्लगचा विचार झाला, भिंतीचा झाला. दिवसाचे नऊ तास तिथे बसणाऱ्या माणसाला उजेड किती मिळतो, हे या घरात कुणी विचारलं नव्हतं. ते आज एका झाडाच्या निमित्ताने विचारलं गेलं.

रविवार

फोनवर उजेड मोजायचं एक फुकट अॅप घेतलं. फोनचा सेन्सर अचूक नसतो, पण एका खोलीतल्या दोन जागांची तुलना करायला पुरतो. बाहेर आषाढाचं आभाळ. खिडकीच्या कट्ट्यावर आकडा २००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) पुढे गेला. चार फूट आत आले तर ५०० च्या खाली. टेबलापाशी, ट्यूब बंद करून, ८०-९०. गच्चीवर जाऊन पाहिलं तर ढगाळ असूनही १०,००० च्या वर. कडक उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात जातो.

डोळ्यांना हा फरक जाणवतच नाही. बाहुली मोठी होते, पडदा जुळवून घेतो आणि खिडकीपाशी असतो त्याच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी उजेड आपल्याला 'बरा' वाटतो. पानाला अशी सवलत नाही. जेवढा उजेड पडेल तेवढंच अन्न तयार होणार. त्यातूनच श्वसनाचा खर्च भागवायचा आणि काही उरलं तर नवं पान. ८०-९० लक्समध्ये काही झाडं महिनोन्‌महिने हिरवी दिसतात, पण ती साठवणीवर जगत असतात. आपल्याला वाटतं, काय चिवट झाड आहे! खरं तर ते उपास काढत असतं.

उजेड कमी पडला की झाड तसं सांगतं. दोन पानांमधलं अंतर वाढतं, दांडा लांबुळका होतो, सगळं झाड खिडकीकडे कलतं. पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या मनी प्लांटची नवी पानं हिरवीच येऊ लागतात. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणजे तो भाग कमावत नाही, नुसता पोसावा लागतो. मग अंधारात तो कमी होत जातो.

सोमवार

ऑफिसच्या ग्रुपवर आज 'हवा शुद्ध करणारी दहा झाडं' अशी यादी कुणीतरी टाकली. दर पावसाळ्यात येते. ही यादी बहुतेक वेळा १९८९ च्या नासाच्या अहवालापर्यंत जाते. बिल वुल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोट्या हवाबंद पेट्यांमध्ये झाडं ठेवून बेंझिन, फॉर्माल्डिहाइड यांसारखे वायू किती कमी होतात ते मोजलं होतं. प्रयोग उत्तम होता, प्रश्न अंतराळयानासारख्या बंद जागेचा होता. त्यात मोठं काम कुंडीतली माती आणि मुळांपाशी राहणारे सूक्ष्मजीव करतात, हेही त्यांनी नोंदवलं होतं. यादी करणाऱ्यांनी ते गाळलं.

आपली खोली काही हवाबंद पेटी नव्हे. दाराखालून, खिडकीच्या फटीतून हवा सतत बदलत असते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या ब्रायन कमिंग्स आणि मायकल वॉरिंग यांनी आधीच्या बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले. इमारतीत आपोआप खेळणाऱ्या हवेची बरोबरी करायची तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा त्यांचा निष्कर्ष. माझी खोली दहा बाय अकरा फूट, म्हणजे साधारण दहा चौरस मीटर. कमीत कमी शंभर कुंड्या! मला बसायलाही जागा राहणार नाही. खिडकी दहा मिनिटं उघडली तर जास्त काम होईल.

स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतं, हेही असंच पसरलेलं आहे. कोरड्या मुलखातलं झाड ते. दिवसा पाणी उडून जाऊ नये म्हणून पानांवरची छिद्रं मिटून घेतं आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतं. तो साठवून ठेवतं आणि दिवसा उजेडात वापरतं. ऑक्सिजन तयार होतो तोही उजेडातच. मला ही खरी गोष्ट त्या खोट्या गोष्टीपेक्षा कितीतरी सुंदर वाटते. ग्रुपवर तेवढंच लिहिलं, दोघांनी पुढे विचारलंही.

मग झाडं हवीत कशाला? मला हवीत ती डोळ्यांसाठी. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासल्या होत्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण. काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. रुग्ण थोडेच होते आणि ती झाडं बाहेरची होती, कुंडीतली नव्हती. म्हणून त्यातून फार मोठं काही काढू नये. पण समोर कोरी भिंत असणं आणि हिरवं काही असणं यात फरक आहे, हे मला माझ्या दुपारच्या तीन वाजताच्या डोकेदुखीवरून आधीच पटलेलं आहे.

बुधवार

टेबल हलवलं. दादा येऊन गेला, त्याने एक्स्टेन्शन बोर्डाची वायर भिंतीच्या कडेने नीट ठोकून दिली. टेबलाची डावी बाजू आता खिडकीला लागून आहे. तोंड खिडकीकडे केलं नाही आणि पाठही केली नाही. तोंड केलं तर बाहेरचा लखलखीत उजेड आणि स्क्रीन यांच्यात डोळे ओढले जातात. पाठ केली तर स्क्रीनवर खिडकीच दिसत राहते. स्क्रीन खिडकीशी काटकोनात हवा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून आला की वहीवर हाताची सावलीही पडत नाही.

आज नऊ ते सहा एकदाही ट्यूब लावली नाही. मान डावीकडे वळवली की आधी कुंडी, मग गजांपलीकडे सोसायटीचं कडुनिंबाचं झाड. डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघा. भिंतीपाशी बसून २० फूट आणायचे कुठून? इकडे ते आपोआप होतं. पान बघायला म्हणून नजर जाते आणि कडुनिंबापर्यंत पोचते.

झाडं अशी ठरली: कट्ट्यावर मनी प्लांट, टेबलाच्या पायाशी अरेका पाम आणि मागच्या कोपऱ्यात, जिथे ३००-४०० लक्स मिळतात, झेडझेड प्लांट. झेडझेड मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, मातीखाली बटाट्यासारख्या गड्ड्यात पाणी साठवतं. मला डिफेनबाखियाही आवडलं होतं, एवढी मोठी ठिपकेदार पानं. पण भाचा दीड वर्षाचा आहे आणि हाताला लागेल ते तोंडात घालतो, आणि या पानांनी तोंड खाजतं.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे अळूसारखीच खाज म्हण की." अगदी तसंच आहे. डिफेनबाखिया, मनी प्लांट, झेडझेड, पीस लिली, मॉन्स्टेरा ही सगळी अळू आणि सुरणाच्या कुळातली. सगळ्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. अळूचं फदफदं करताना आपण चिंच घालतो, नीट शिजवतो, ते त्यासाठीच. डिफेनबाखियाचा त्रास सगळ्यांत जास्त. चघळलं तर जीभ-ओठ सुजतात. ते नर्सरीतच राहिलं. मनी प्लांट उंच कट्ट्यावर आणि झेडझेड टेबलाच्या मागे, भाच्याच्या हाताबाहेर. अरेका मात्र खाली चालतं, ते पाम आहे, विषारी नाही.

(हे कुळ कळल्यापासून मनी प्लांटकडे बघायची माझी नजर बदलली. मोठ्या झाडावर चढलेल्या मनी प्लांटची पानं सुपाएवढी होतात आणि कडेने फाटतात. बाटलीतलं आणि ते एकच झाड, यावर विश्वास बसत नाही.)

शुक्रवार

तीन दिवस संततधार. या दिवसांत पाण्याचा जग हातात घ्यायचाच नाही. हवा दमट, ऊन नाही, माती आठवडाभर ओली राहते; घरातली झाडं पावसाळ्यात मरतात ती जास्त पाण्याने. मुळांना हवा लागते आणि सतत ओल्या मातीत ती कुजतात. बोटाची दोन पेरं मातीत घालून बघायची, कोरडं लागलं तरच पाणी, तेही खालच्या भोकातून निथळेपर्यंत. ताटलीत साचलेलं लगेच ओतून टाकायचं. झेडझेडला तर आता दोन-तीन आठवडे विचारायचंसुद्धा नाही. मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कमी आणि जाडसर वाळू जास्त घातली आहे, कारण आपल्याकडे चार महिने हवेतच पाणी असतं. विदेशी व्हिडिओंमधलं मातीचं प्रमाण इथे जसंच्या तसं चालत नाही.

शेजारच्या काकूंनी हौसेने मनी प्लांटची फांदी काचेच्या बाटलीत लावून दिली. सुंदर दिसते. पण डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतो. पाणी आठवड्याच्या आत बदलायलाच हवं, आणि बाटली आतून घासून, कारण अंडी काचेला चिकटून राहतात. दर सोमवारी सकाळच्या कॉलआधी हे काम, असं कॅलेंडरवर लावून टाकलं. काकूंनाही सांगितलं; त्यांच्याकडे अशा बऱ्याच बाटल्या आहेत.

समोरच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे, म्हणून अरेकाच्या पानांवर सिमेंटची धूळ बसते. धूळ म्हणजे पुन्हा उजेड कमी. ओल्या सुती फडक्याने एकेक पातं पुसलं. दुपारच्या जेवणानंतरची ती पंधरा मिनिटं. एरवी त्या वेळेत मी फोनवर बोट फिरवत बसायचे आणि डोळे स्क्रीनवरून उठून दुसऱ्या स्क्रीनवर जायचे. पुसताना पानांमागे पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) आहे का तेही बघून झालं. नाही. असता तर कापसाला स्पिरिट लावून टिपून घेतला असता.

आता ऑक्टोबरकडे लक्ष ठेवायचं. पाऊस सरला की पूर्वेचं सकाळचं ऊन थेट कट्ट्यावर येईल आणि मनी प्लांटची पानं भाजायला लागतील, तेव्हा पांढरा पातळ पडदा लावायचा. डिसेंबरात सूर्य आग्नेयेकडून उगवेल आणि ऊन खोलीत तिरपं आतपर्यंत जाईल, मग झेडझेडचा कोपरासुद्धा उजळेल आणि माझ्या स्क्रीनवर सकाळी नऊपर्यंत ऊन राहील. त्या महिन्यात टेबल फूटभर मागे घ्यावं लागेल. दादाला वायर थोडी सैल सोडायला सांगितली आहे.