तुम्ही विचारलंत म्हणून: ही जमीन चांगली की वाईट?

‘एवढे खड्डे खणून माती तपासता, मग जमीन चांगली की वाईट हे एका शब्दात का सांगत नाही?’ हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की उत्तर एकदाचे लिहून ठेवतो. कोणत्या वापरासाठी, हे ठरल्याशिवाय जमिनीची योग्यता सांगताच येत नाही. खोल काळी जमीन ओल धरून कापूस पोसते. तीच पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात आक्रसून घराच्या भिंतींना तडे पाडते.

एका प्रकरणापासून मी याबाबत हट्टी झालो आहे. एका शेतकऱ्यांना फळबाग लावायची होती. वरचा थर गडद आणि भुसभुशीत होता, पण खड्डा कमरेइतका खोल गेल्यावर माती राखाडी झाली आणि जुन्या मुळांच्या वाटांभोवती तांबूस ठिपके दिसू लागले. वर्षातला बराच काळ तिथे पाणी साचत असल्याने हवेअभावी मातीतल्या लोहाचा रंग जात होता आणि मुळांच्या पोकळीतून हवा पोचेल तेवढ्याच जागी गंज धरत होता. मी फळबागेसाठी ‘सध्या अयोग्य’ अशी नोंद केली. कर्ज देणाऱ्यांनी त्यातला फक्त दुसरा शब्द वाचला. ते गृहस्थ परत येऊन म्हणाले, ‘साहेब, माझी जमीन तुम्ही नालायक ठरवलीत.’ हीच जमीन भातासाठी वरच्या वर्गात बसेल, असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, ‘मग ते कागदावर का नाही?’ कागदावर विचारलेला वापर एकच होता. माझे उत्तर खरे होते, आणि त्यांच्या काहीही उपयोगाचे नव्हते.

नोंद बरोबर होती, हे मी आजही म्हणतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या जमीन-मूल्यमापनाच्या १९७६ च्या आराखड्यात योग्यता विशिष्ट वापराशीच बांधलेली आहे, आणि ‘सध्या अयोग्य’ व ‘कायमची अयोग्य’ हा भेदही त्यात आहे. चर खणून तिथला निचरा सुधारता आला असता.

उमेदीच्या काळात मला जमिनीची क्षमता ठरवण्याची अमेरिकेतली ८ वर्गांची पद्धत अधिक पटत असे. त्यातले पहिले ४ वर्ग नांगरटीचे, उरलेले प्रामुख्याने कुरणांचे आणि वनांचे. खोली, उतार, निचरा यांपैकी जी अडचण सर्वांत मोठी, तीच वर्ग ठरवते. तेव्हाच्या मला आज विचारावेसे वाटते, की माती हळूहळू बदलत असताना नकाशावर एवढी ठाम रेषा तू कोणत्या अधिकाराने ओढतोस? तो उलट विचारील, की रेषाच नसेल तर तीव्र उतारावर नांगर घालणाऱ्याला कशाच्या आधारे थांबवायचे? माझ्यापाशी याचे उत्तर नाही.

तेव्हा जमीन दाखवताना तिथे काय करायचे आहे ते आधी सांगा, आणि मनात दुसरा पर्याय असेल तर तोही सांगा. दोन्हींचा निर्णय मी एकाच कागदावर लिहून देईन.