हाय विंग ट्रेनर बिल्ड: एलेव्हेटर-रडरचे लिंकेज झाले, एलेरॉन बाकी

मंडळी, ट्रेनरचं, म्हणजे शिकण्यासाठीच्या रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचं, काम परत सुरू केलंय. ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी, दीड मीटर विंगस्पॅन, बाल्सा-प्लाय, इलेक्ट्रिक, सर्वो (शेपटी-पंखांचे हलणारे भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) सगळे स्टँडर्ड साइजचे. हिंज, मोटर, कव्हरिंग मागेच उरकलं, आता एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा आडवा भाग) आणि रडर (डावी-उजवीकडे वळवणारा उभा भाग) यांचे लिंकेज, म्हणजे सर्वोपासून तिथपर्यंतचे जोड, बसले. फोटोत दाखवण्यासारखं काही नाही, फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) आत दोन काळ्या काड्या दिसतात बस. पण मोटर बंद पडली तर ट्रेनर निवांत ग्लाइड करत खाली येतो आणि एलेव्हेटरचा पुशरॉड (सर्वोची हालचाल पोचवणारी काडी) सुटला तर आपण नुसतं बघत राहायचं, त्यामुळे या कामात मी घाई करत नाही. यावेळी एकच नियम धरलाय, कुठलाही जॉइंट घ्या, त्यातली एक गोष्ट सैल झाली तरी दुसरीने तो धरून ठेवला पाहिजे.

किटमध्ये नायलॉनचे पुशरॉड आले होते, नळीत नळीवाले. चांगले असतात, वाकड्यातिकड्या जागेतून नेता येतात, पण मुंबईत मला ते नको वाटतात. नायलॉन गरम झालं की लांबतं आणि पावसाळ्यात हवेतली ओल पिऊन फुगतं ते वेगळंच. साठ सेंटिमीटरचा नायलॉन रॉड १५ डिग्रीच्या फरकाने पाऊण मिलिमीटरच्या आसपास लांब होतो, म्हणजे रात्री पंख्याखाली बसून न्यूट्रल (एलेव्हेटरची मधली सरळ जागा) लावायचं आणि दुपारी रणरणत्या उन्हात ट्रिम गेलेली. नळी फ्युजलाजला जागोजागी चिकटवली नसेल तर ती वाकते आणि खेळ (ढिलेपणा) वाढतो तो अजून एक वैताग.

म्हणून ४ मिमीची कार्बन ट्यूब घेतली. सर्वोच्या बाजूला १.५ मिमी पियानो वायर, तिला झेड-बेंड (Z सारखं वळण). शेपटीच्या बाजूला थ्रेडवाला रॉड आणि त्यावर क्लेव्हिस (पिनने भोकात अडकणारा चिमटा). वायरचं टोक काटकोनात वाकवून ट्यूबला पाडलेल्या बारीक भोकात अडकवायचं, वायर ट्यूबला बाहेरून चिकटून आडवी ठेवायची, वरून दोरा गच्च गुंडाळायचा, दोऱ्यावर पातळ सीए (झटपट सुकणारा गोंद) सोडायचा आणि शेवटी हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). त्याआधी कार्बन पॉलिश पेपरने खरवडून घ्या. नुसतं ट्यूबच्या आत एपॉक्सी भरून वायर खुपसलेले पुशरॉड बघितलेत मी, गुळगुळीत वायर एक दिवस सुळकन बाहेर येते. इथे गोंद हरला तरी वाकवलेलं टोक भोकात आणि दोरा वरून आहेच. कार्बन घासताना मास्क लावा, आणि रिसीव्हरची अँटेना ट्यूबपासून लांब ठेवा, २.४ गिगाहर्ट्झला कार्बन आडवा येतो.

आता थ्रेडवाल्या रॉडची गंमत. आपल्याकडे क्लेव्हिस दोन जातीचे मिळतात, एम२ आणि २-५६, आणि डब्यात गेले की दोन्ही सारखेच दिसतात. एम२चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.४ मिमी, २-५६चा साधारण ०.४५. एकाचा क्लेव्हिस दुसऱ्याच्या रॉडवर दोन-तीन आटे मजेत चढतो मग जड होतो, आणि आपल्याला वाटतं वा काय घट्ट बसलाय! तो घट्ट बसलेला नसतो, नायलॉनचे आटे फाटत असतात. म्हणून रॉड आणि क्लेव्हिस एकाच जातीचे घ्यायचे आणि डबेच वेगळे ठेवायचे.

माझ्याकडचे क्लेव्हिस २-५६चे आणि रॉड संपलेले. पण सायकलच्या १४ गेजच्या स्पोकलासुद्धा इंचाला ५६च आटे असतात आणि जाडीही जवळपास तेवढीच. दादरला सायकलवाल्याकडे गेलो, म्हटलं दादा स्टीलचे चार स्पोक द्या. "चाक कुठंय?" म्हटलं चाक नाही, विमानाला लावायचेत. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग स्पोक पुढे केले आणि म्हणाला, "विमानाचं पंक्चर मात्र आपण काढत नाही हां." तिथेच उभ्या उभ्या क्लेव्हिस फिरवून बघितला, शेवटपर्यंत बोटाने सरळ गेला. तुम्हीही क्लेव्हिस खिशात घेऊनच जा, कारण सगळे स्पोक १४ गेजचे नसतात. स्टेनलेस असल्यामुळे गंजायची भीती नाही हा आपल्या हवेत मोठाच फायदा, पियानो वायरला दर महिन्याला तेलाचा हात फिरवावा लागतो नाहीतर झेड-बेंडवर गंज धरतो आणि तो खरखरीत गंज सर्वो आर्मचं (सर्वोवर बसणाऱ्या हाताचं) भोक खात बसतो.

एलेव्हेटरचा हॉर्न (क्लेव्हिस अडकवायचा भोकांचा छोटा दांडा) मी वरच्या बाजूला लावलाय. दिसायला खालीच बरा दिसतो हे मान्य. पण हॉर्न खाली असला की अप एलेव्हेटरला पुशरॉड ढकलावा लागतो, आणि डाइव्हमधून विमान वर ओढताना, म्हणजे हवेचा जोर सगळ्यात जास्त असतो नेमका तेव्हा, बारीक वायर मध्येच धनुष्यासारखी वाकते आणि स्टिक पूर्ण मागे असून एलेव्हेटर अर्धाच उचलतो. हॉर्न वर असला की अपला रॉड ओढला जातो, ओढलेली वायर वाकत नाही. कार्बन ट्यूबला तसा फरक पडत नाही, तरी जे फुकटात मिळतंय ते का सोडा. हॉर्नची भोकं मात्र बरोबर हिंजच्या रेषेवर आली पाहिजेत, मागेपुढे झाली तर अप आणि डाउनचा थ्रो (किती वळतो ते) सारखा मिळत नाही.

भोक कुठलं घ्यायचं यावर आमच्या ग्रुपवर दरवेळी वाद होतो. माझं साधं गणित, सर्वो आर्मला आतलं आणि हॉर्नला बाहेरचं. जॉइंटमध्ये ०.२ मिमी खेळ असेल तर हिंजपासून १० मिमीवरच्या भोकात एलेव्हेटर एक-सव्वा डिग्री हलतो, २० मिमीवर त्याच्या निम्मा. फ्लटर (हवेत एलेव्हेटरची बेफाम थरथर) अशाच खेळातून सुरू होतो. थ्रो कमी पडतोय म्हणून ट्रान्समीटरमध्ये एंडपॉइंट (सर्वो किती फिरेल त्याची हद्द) वाढवणं परवडलं, पण आधी बाहेरच्या भोकात अडकवून मग ४० टक्क्यांवर आणणं म्हणजे सर्वोची निम्म्याहून जास्त ताकद वाया घालवणं.

सर्वो आर्म न्यूट्रलला काटकोनात येत नसेल तर लगेच सब-ट्रिमकडे (ट्रान्समीटरमधून मधली जागा सरकवण्याकडे) धावू नका. २५ दातांच्या स्प्लाइनला (सर्वोच्या दातेरी दांड्याला) एक दात म्हणजे १४.४ डिग्री, पण चार हातांचा आर्म असेल तर २५ला ४ने भाग जात नाही ना, त्यामुळे प्रत्येक हात थोडा वेगळ्या कोनात बसतो, ३.६ डिग्रीच्या टप्प्याने. चारही हात लावून बघायचे, जो काटकोनात येईल तो ठेवायचा, बाकीचे तीन कापून टाकायचे. आणि मधला स्क्रू! तो लावायचा राहून गेलेली विमानं मी मैदानावर बघितलीयत, आर्म नुसता दाबून बसवलेला.

क्लेव्हिसचं म्हणाल तर पिन पलीकडच्या पात्यात पूर्ण गेली पाहिजे, आत रॉडचं टोक दिसलं पाहिजे, आणि वरून सिलिकॉन ट्यूबची तीनेक मिमीची चकती. क्रॉफर्ड मार्केटला शोभेच्या माशांच्या दुकानांत एअर पंपाची सिलिकॉन नळी मिळते ती चालते, तिथेच मिळणारी पारदर्शक पीव्हीसी घेऊ नका, कडक होऊन तडकते. क्लेव्हिस मेटलचा असेल तर मागे लॉकनट आणि निळ्या थ्रेडलॉकरचा थेंब. नायलॉनच्या क्लेव्हिसला थ्रेडलॉकर नको, ते धातूला धातू लागला तरच नीट सुकतं आणि काही प्लॅस्टिकला तर तडे पाडतं.

लिंकेज स्टॉपर (वायर स्क्रूने दाबून धरणारा तुकडा) फक्त रडर सर्वोवरून नोजव्हीलला जाणाऱ्या वायरला वापरलाय, एलेव्हेटरला नाही. स्क्रू टेकतो तिथे वायरला कानशीने छोटा सपाट भाग काढला. प्रवासाच्या बॅगा तोलायचा डिजिटल काटा असतो ना, तो वायरला अडकवून ओढलं. सर्वो ३ किलो-सेंमीचा, म्हणजे १० मिमीच्या भोकावर ३ किलोचा जोर, निदान तेवढा तरी सोसला पाहिजे. गोल वायरवर स्टॉपर त्याच्या आधीच सरकला, सपाट केल्यावर ४ किलोलाही जागचा हलला नाही. हाच काटा लावून दोन्ही पुशरॉड, क्लेव्हिस, हॉर्न सगळं ओढून बघितलं.

उडवायला अर्थात मुंबईच्या बाहेरच जावं लागणार, इथे विमानतळ, जुहू, नेव्ही, वर पोलिसांचे बंदी आदेश, आणि आता पनवेलकडेही विमानतळ झालाय. आम्ही कर्जतच्या पुढे जातो, तेही लोकलच्या लगेजच्या डब्यातून, आणि तिथे कोणाची पाटी एलेव्हेटरवर टेकेल काही सांगता येत नाही. त्यामुळे घरी कितीही तपासलं असलं तरी मैदानावर परत एकदा, रेडिओ चालू करून, प्रत्येक सरफेस (हलणारा भाग) दोन बोटांत धरून हलवायचा, सर्वो आर्म न हलता सरफेस हलला तर त्या दिवशी ते विमान उडत नाही.

एलेरॉनला (पंखांच्या मागच्या हलणाऱ्या भागांना) विंगमध्ये दोन वेगळे सर्वो टाकतोय, वायर आखूड असल्यामुळे तिथे दोन्हीकडे बॉल लिंक (गोळीवर फिरणारा जोड) लावायचा विचार आहे. कोणी २ मिमीचे बॉल लिंक नागदेवी स्ट्रीटला सुटे बघितले असतील तर दुकान नक्की कुठल्या बाजूला ते सांगा, शनिवारी जाणार आहे.