सव्वादोन किलोचं ओझं आणि पाऊण ग्रॅमची चांदी: सफोकच्या शेतातले दोन दिवस

पहाटे सहाला पीटरबरोहून निघताना पुतण्याने डिकी उघडली आणि आधी एकच गोष्ट तपासली. "काका, जुनं मशीन घेतलं नाही ना?"

घेतलं नव्हतं. शेतात पुरलेली जुनी नाणी-वस्तू शोधायला अकरा वर्षं वापरलेला तो मेटल डिटेक्टर बॅटरीसकट सव्वादोन किलोचा. गेल्या हिवाळ्यात उजव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ यायला लागली की चहाचा कप डाव्या हातात गेला. खांदा आधीच कुरकुरत होता आणि डाव्या गुडघ्याची झीज तर जुनीच. डॉक्टरांनी छंद सोडा असं सांगितलं नाही, फक्त जरा बेताने घ्या म्हणाले. ही म्हणाली, "लोक गुडघ्याला माती लागू देत नाहीत, तुम्ही गुडघे मातीत पुरायला निघालात." दोघांचंही ऐकायचं ठरवलं आणि यंत्र बदललं. या सहलीत त्या बदलाची परीक्षा होती. माझ्यासारखे साठी ओलांडलेले मराठी डिटेक्टरवाले इंग्लंडात मोजकेच असतील, पण दुखणारे सांधे काही मोजके नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहितो.

शेत पूर्व इंग्लंडातल्या सफोक परगण्याच्या उत्तर टोकाला, आय गावाच्या बाजूला. पीटरबरोहून थेटफर्ड, डिसमार्गे दोन तास लागले. परवानगी शेतकऱ्याने लेखी दिली होती. सापडलं तर निम्मं त्याचं, निम्मं आमचं, हेही त्याच कागदावर. ही लिखापढी आधीच करा, वस्तू सापडल्यावर नाही. वेळही महत्त्वाची. पीक निघालं आणि पुढची पेरणी व्हायची आहे, सहसा एवढ्याच अवधीत शेतकरी रानात पाय ठेवू देतो. म्हणजे ढोबळमानाने ऑगस्ट-सप्टेंबर.

जाताना वाटेत हॉक्सन गाव लागतं. १९९२ च्या नोव्हेंबरात तिथे एरिक लॉज नावाचे गृहस्थ शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी डिटेक्टर घेऊन शोधत होते. हातोडीआधी सापडली रोमन सोन्याचांदीची पेटी: चौदा हजारांहून जास्त नाणी, दागिने, चांदीचे चमचे. त्यांनी सगळं उकरून काढलं नाही. थोडं दिसताच थांबले आणि कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी जागा नीट खणली, म्हणून पेटीत काय कुठे ठेवलं होतं तेही समजलं. आज तो ठेवा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि ती हातोडीसुद्धा. पुतण्याला हा किस्सा तिसऱ्यांदा सांगितला. त्याने गाण्याचा आवाज वाढवला.

आता यंत्राचं. माझं नवं यंत्र म्हणजे एक्सपी या फ्रेंच कंपनीचं डेउस, पहिलं मॉडेल, कुणीतरी वापरून विकलेलं. वजन किलोच्या आत. कॉइल (दांड्याच्या टोकाची चकती, ती जमिनीवरून फिरवायची, खाली धातू असला की यंत्र आवाज करतं), रिमोट आणि हेडफोन यांच्यात वायरच नाही. रिमोट दांड्यावरून काढून कमरेला अडकवता येतो, म्हणजे हातात उरतो फक्त दांडा आणि कॉइल. पण खोक्यावरचा वजनाचा आकडा पाहून यंत्र घेऊ नका, हे मी पैसे घालवून शिकलो. भरलेली कळशी कमरेवर घेतली तर बाई विहिरीपासून घरापर्यंत गप्पा मारत येते. तीच कळशी हात लांब करून धरायला सांगा. डिटेक्टरचं तसंच. मुठीच्या मागे, कोपराखाली असलेलं वजन फारसं जाणवत नाही. दांड्याच्या पुढच्या टोकाला, हातापासून मीटरभर लांब असलेली कॉइलच मनगट आणि अंगठा पिळते. म्हणून दुकानात यंत्र हातात घेऊन पाच मिनिटं हलवून बघा, आणि वजन कॉइलचं किती ते विचारा. मी अकरा इंची कॉइल काढून नऊ इंची लावली. जमिनीत खोलवरचं थोडं सुटतं, पण लोखंडाचा कचरा असलेल्या रानात छोटी कॉइल शेजारशेजारचे दोन आवाज वेगळे ओळखते. दुखऱ्या हाताला तर तो सौदा डोळे मिटून मान्य.

हिशोब करून पाहा. दोन सेकंदांना एक हेलकावा धरला तरी तासाला १८०० हेलकावे होतात. चार तासांत सात हजारांच्या वर. त्यात टोकाला दोनशे ग्रॅम कमी असणं म्हणजे काय, ते रात्री उशीवर कळतं.

यंत्र बदलायला पैसे नसतील तर निम्मं काम फुकटात होतं. सरळ उभं राहून हात सैल सोडायचा. त्या स्थितीत कॉइल जमिनीला समांतर, दोन बोटं वर तरंगली पाहिजे. वाकावं लागलं तर दांडा आखूड आहे, खांदा उचलावा लागला तर लांब. माझा दांडा अकरा वर्षं चार बोटं लांब होता आणि मी दोष खांद्याला देत होतो. मूठ आवळायची नाही. हात आर्मकपमध्ये, म्हणजे दांड्यावरच्या कोपराखालच्या खोबणीत, टेकलेला हवा, बोटं नुसती गुंडाळलेली. मुठीवर सायकलच्या हँडलचा फोम चढवला, मूठ जाड झाली आणि अंगठ्याची चिमट कमी झाली. फिरवायचं मनगटाने नाही, कमरेतून, जात्याच्या खुंट्यासारखं, छोट्या कमानीत. अर्ध्या तासाने हात बदलायचा. डाव्या हाताने पहिले दोन दिवस झाडू मारल्यासारखं वाटतं, मग जमतं. जड यंत्र असेल तर खांद्यावरून जाणारा लवचीक पट्टा मिळतो. तो दांड्याला अडकवला की भार हातावरून पाठीवर जातो. पाठ दुखणाऱ्यांनी मात्र आधी उसना घेऊन बघावा.

शेतावर पोचलो तर समोर गव्हाचं धसकटाचं रान, खुंटं वीतभर उंच. मला तिथेच थोडी धाकधूक वाटायला हवी होती. उंच खुंटांवर कॉइल आपटते, मग ती नकळत वर उचलली जाते. उचलली की खोली जाते आणि खांदाही जातो. सांधे दुखणाऱ्याने शेत निवडता येत असेल तर आखूड गवताचं कुरण घ्यावं, नाहीतर पेरून रोलर फिरवलेलं रान, अर्थात शेतकरी हो म्हणाला तरच. नांगरलेल्या ढेकळांत तर जाऊच नका, घोट्याची वाट लागते. शेजारचा पट्टा नुकताच डिस्क (चकत्यांचा कुळव) मारून सपाट केलेला होता, तिकडे सरकलो.

पण तिथे दुसरं ओझं वाट पाहत होतं, ते म्हणजे माती. मध्य आणि उत्तर सफोकची जमीन चिकणमातीची, आदल्या रात्रीच्या पावसाने भिजलेली. वीस पावलांत प्रत्येक गमबुटाला ढेकूळ चिकटलं. हातातला किलोभर कमी करायला मी पैसे मोजले होते आणि पायाला फुकटात तेवढंच मिळालं. पुतण्याने खिशातून लाकडाची पट्टी काढून दिली, दर वळणावर बूट खरवडायला. इतकी साधी गोष्ट मला अकरा वर्षांत सुचली नव्हती. गमबुटांऐवजी घोट्यापर्यंतचे हलके बूट आणि वर गेटर, म्हणजे पोटरीवरची आवरणं, घातली तर आणखी बरं.

आता खरी चूक सांगतो. हलकं यंत्र हातात होतं, अंगठा दुखत नव्हता, खांदा गप्प होता. मी खूश. दर आवाजाला थांबलो, खणलं, गुडघ्यावर बसलो, उठलो. काडतुसांच्या पितळी टोप्या, शिशाचे तुकडे, मस्केट या जुन्या बंदुकीची एक गोळी, तिसऱ्या जॉर्जचा झिजून गुळगुळीत झालेला अर्धा पेनी. सहा तास कधी गेले कळलं नाही. पूर्वी हात दुखायचा म्हणून मी तीन तासांत गाडीत जाऊन बसायचो. हाताने तक्रार बंद केली आणि गुडघ्याचं ऐकणारं कुणी उरलंच नाही. रात्री गुडघा टम्म सुजला. खोली तळमजल्यावरची मागून घेतली होती, तेवढंच सुदैव. पुतण्या बर्फ घेऊन आला आणि म्हणाला, "काका, यंत्राचं वजन मोजलंत, उठाबशा मोजल्या का?"

मोजल्या नव्हत्या. पंचावन्न ते साठ तरी झाल्या असतील.

म्हणून रविवारी सकाळी नियम केला: दिवसभरात पंधरा खड्डे, सोळावा नाही. तासभर काम, पंधरा मिनिटं गाडीच्या डिकीवर बसून चहा. पंधराच खणायचे म्हटल्यावर कान टवकारले जातात. आवाज आला की नव्वद अंशात वळून आडव्या दिशेने पुन्हा फिरवायचं. दोन्हीकडून सारखाच स्वच्छ आवाज आला तरच फावडं. एका बाजूने गोड आणि दुसऱ्या बाजूने खरखर असेल तर ते बहुधा खिळाच. अशाने एखादी चांगली वस्तू सुटते, हे खरं आहे. मला ते चालतं.

खणायचंही उभ्यानेच. लांब दांड्याचं, टी-आकाराच्या मुठीचं फावडं घ्या आणि हाताने नाही, पायाने दाबा. चारी बाजूंनी कापून ढेकूळ उलटं टाकायचं आणि त्यावर कॉइल फिरवायची. आवाज ढेकळात असेल तर बुटाने आणि फावड्याने पसरायचं. शेवटी एकदाच खाली जायचं, पिनपॉइंटर (मुठीत मावणारा छोटा डिटेक्टर) घेऊन, बागकामाच्या फोमच्या पाटावर, चांगल्या गुडघ्यावर. उठताना फावडं म्हणजे काठी. पिनपॉइंटर नसेल तर आधी तो घ्या, नवं यंत्र नंतर. गुडघ्यावरची पाच मिनिटं तो एका मिनिटावर आणतो. खड्डा बुजवून पायाने दाबणं आणि फाटक होतं तसं लावणं हे सांगायला नको, तरी सांगतो.

अकराव्या खड्ड्यात ते होतं. नखापेक्षा थोडं मोठं, पातळ, काळपट चांदीचं अर्धवर्तुळ. पेनी नाण्याचा मधोमध कापलेला अर्धा भाग. १२४७ साली तिसऱ्या हेन्रीच्या काळात नाण्याच्या मागच्या बाजूला काठापर्यंत जाणारा लांब क्रूस आला. सुटे पैसे हवे असले की लोक त्याच रेघेवर नाणं कापून अर्धे, पाव करायचे. अख्खी पेनी जेमतेम दीड ग्रॅमची, हा तुकडा पाऊण ग्रॅमचाही नसेल. सातशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हातातून सुटे पैसे पडले आणि तो बिचारा याच चिखलात शोधत राहिला असेल, त्याचेही गुडघे दुखत असतील. पुतण्याने फोटो काढला, मी फोनवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपले. उरलेले चार खड्डे मी वापरले नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. इंग्लंड-वेल्समध्ये १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे तीनशे वर्षांहून जुनी, किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू सापडली तर चौदा दिवसांत कळवावं लागतं. एकटं नाणं सहसा त्यात बसत नाही, एकाच जागची दोन बसतात. २०२३ पासून दोनशे वर्षांवरच्या काही असाधारण महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही त्यात आल्या आहेत. बंधनकारक नसलं तरी बाकीच्या जुन्या वस्तूंची नोंद पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या स्थानिक अधिकाऱ्याकडे करा. आमचा तुकडाही तिकडे गेला आहे. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत. संरक्षित स्मारकाच्या जागी परवान्याशिवाय डिटेक्टर चालवणं गुन्हा आहे. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सदस्यत्व घेतलं तर विमाही मिळतो आणि शेतकरी तो कागद बघून लवकर हो म्हणतो.

चहा पिताना पुतण्याने विचारलंच, "डिसेंबरात भारतात जातोय, घेऊन जाऊ का? रायगडाच्या पायथ्याला काय काय असेल!" माझ्या कपातला चहा सांडला. आपल्याकडे पावसाळ्यात शेतात शिवराई वर येते, ती पोरं उचलतात, ते वेगळं. यंत्र घेऊन गडाच्या आसपास फिरलास तर थेट पोलीस ठाण्यात बसशील, म्हटलं. रायगड संरक्षित आहे. शिवाय १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचा जमिनीतला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो. हा छंद इथलाच, इथेच ठेव.

दुपारी लोस्टॉफ्टच्या दक्षिण किनाऱ्यावर तासभर थांबलो, मुख्यतः पुतण्याला फिश अँड चिप्स हवे होते म्हणून. किनारा कुणाच्या मालकीचा आणि परवानगी लागते का, ते जाण्याआधी पाहून घ्या. प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. वाळूत गुडघ्याला सुट्टी मिळते. लांब दांड्याचा जाळीचा स्कूप पायाने रोवायचा, हलवायचा, वाळू गळून जाते, खाली बसायचं कामच नाही. पण ओल्या वाळूने भरलेला स्टीलचा स्कूप उचललात तर यंत्राचे वाचवलेले ग्रॅम व्याजासकट परत जातात. उचलू नका, ओढत पाण्यात न्या आणि तिथे हलवा. आणखी एक अडचण म्हणजे खाऱ्या ओल्या वाळूवर एका वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं यंत्र बडबडतं, म्हणजे धातू नसतानाही आवाज करत राहतं. माझंही बडबडलं. किनाऱ्यासाठी एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सीवर चालणारं हवं, आणि त्यातलं मिनेलॅबचं इक्विनॉक्स ८०० सव्वा किलोच्या थोडं पुढे जातं. मी वर कोरड्या वाळूत राहिलो. तंबूच्या खुंट्या तीन, चॉकलेटचा कागद आणि एक पाउंडाचं नाणं, जे पार्किंगच्या मशीनमध्ये गेलं.

गुडघा उतरायला चार दिवस लागले, ते शनिवारच्या खात्यावर. अंगठा मात्र सोमवारी सकाळी ठीक होता, कप उजव्या हातात होता. ही बघत होती, बोलली काही नाही. जुनं यंत्र पुतण्याने मागितलं आहे. त्याचं वय एकोणतीस. देऊन टाकतो, पण दांडा चार बोटं आखूड करून.